पात्याची निवड

सातारा जिल्ह्यात वाईहून पसरणीचा वळणावळणाचा घाट चढून गेले, की पाचगणी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर वसलेले हे गाव थंड हवेसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते निवासी शाळांसाठीही प्रसिद्ध आहे. गावाच्या माथ्यावर जांभ्या खडकाचे विस्तीर्ण, सपाट पठार आहे. त्याला सर्वजण टेबललँड म्हणतात. पठाराच्या कडेला उभे राहिले, म्हणजे खाली कृष्णेचे हिरवे खोरे आणि धोम धरणाचे निळे पाणी दिसते. पावसाळ्यात मात्र यांतले काहीच दिसत नाही. ढग खाली उतरतात, धुके खिडक्यांतून थेट खोल्यांत शिरते आणि लोखंडाच्या प्रत्येक वस्तूवर तांबूस गंज चढू लागतो.

अशाच एका निवासी शाळेतील एक प्रसंग आपण डोळ्यांपुढे आणू. प्रसंग कल्पिलेला आहे. पण त्यात सांगितलेली माहिती खरी आहे.

पाऊस सरत आला होता. शाळेच्या व्यायामशाळेत मुले तलवारबाजीचा सराव करीत होती. अंगात जाड पांढरे अंगरखे, तोंडावर तारेच्या दाट जाळीचे मुखवटे आणि हातात बारीक, लवचीक तलवारी. नववीतला कर्णधार आणि सहावीतला एक लहानसा मुलगा यांची लढत चालू होती. लहानगा पुढे झेपावला. त्याच्या तलवारीचे टोक कर्णधाराच्या छातीला लागले, पाते धनुष्यासारखे वाकले आणि ‘टक्’ असा आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले! टोकाकडचा तुकडा भिंतीवर आपटून खाली पडला.

“थांबा!” सरांचा आवाज घुमला. साऱ्या मुलांनी शस्त्रे खाली केली. सर धावत आले. त्यांनी प्रथम कर्णधाराचा अंगरखा नीट पाहिला. कोणालाही इजा झाली नव्हती. लहानगा मात्र रडवेला झाला होता. “सर, मी मुद्दाम नाही मोडली,” तो म्हणाला.

“पाते कोणीच मुद्दाम मोडीत नाही,” सर शांतपणे म्हणाले. “आज ना उद्या प्रत्येक पाते मोडायचेच. ते केव्हा मोडावे आणि कसे मोडावे, याचा विचार मात्र आपण आधी करायला हवा. या, सगळे इकडे बसा.”

मुले गोल करून बसली. सरांनी मोडलेली तलवार मध्ये ठेवली आणि कपाटातून शाळेच्या उरलेल्या सात तलवारी आणून तिच्याशेजारी मांडल्या.

“शाळेने तीन नवी पाती घेण्यास संमती दिली आहे,” ते म्हणाले. “कोणती घ्यावीत, ते तुम्ही सांगा.”

कर्णधाराचे उत्तर तयारच होते. “सर, तिन्ही पाती सर्वांत लांब आणि सर्वांत ताठ घ्यावीत. ताठ पात्याचे टोक डगमगत नाही. नेम अचूक बसतो आणि गुण हमखास मिळतो.”

सर हसले. “गुण कोणाला मिळतो, ते तू सांगितलेस. पण टोक कोणाला लागते, ते नाही सांगितलेस!”

कर्णधार गप्प झाला. सरांनी मोडकी तलवार हातात घेतली व ते सांगू लागले.

“तलवारबाजीच्या खेळात तीन प्रकारची शस्त्रे असतात : फॉइल, एपी आणि सेबर. आपण वापरतो ते फॉइल. फॉइलने केवळ टोकाचा स्पर्श करायचा असतो आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या धडालाच. हातापायांना झालेला स्पर्श मोजत नाहीत. हे शस्त्र मुळात सरावासाठीच निर्माण झाले, म्हणून ते हलके आणि लवचीक असते. सगळ्या फॉइलचे वजन 500 ग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. पात्याची लांबी जास्तीत जास्त 90 सेंटीमीटर आणि पूर्ण शस्त्राची लांबी जास्तीत जास्त 110 सेंटीमीटर, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पाते चौकोनी छेदाचे असते. मुठीजवळ ते जाड असते आणि टोकाकडे निमुळते होत जाते. जाड भागाने वार अडवायचा, निमुळत्या भागाने स्पर्श साधायचा. त्याला धार नसते आणि टोकही बोथट असते.”

“मग मोडले, तर सगळी तलवार टाकून द्यायची का?” लहानग्याने विचारले.

“नाही. हीच तर मौज आहे!” असे म्हणून सरांनी मुठीच्या मागचा नट पान्याने सैल केला. मूठ निघाली, हाताचे रक्षण करणारी धातूची वाटी निघाली, आणि पात्याचा मुठीत बसणारा बारीक, आटे पाडलेला भाग उघडा झाला. “मूठ आणि वाटी वर्षानुवर्षे टिकतात. बदलायचे असते ते पाते. नवे पाते घालायचे, नट आवळायचा की शस्त्र पुन्हा तयार.”

“आणि ही युक्ती आपल्याला काही नवी नाही,” सर पुढे म्हणाले. “मराठ्यांच्या इतिहासात ‘फिरंग’ नावाची तलवार येते. तिला हे नाव का पडले, ठाऊक आहे? तिचे लांब, सरळ पाते युरोपातून, म्हणजे फिरंग्यांच्या देशांतून आलेले असे. जर्मनीतील झोलिंगन, स्पेनमधील तोलेदो ही शहरे पात्यांसाठी नावाजलेली होती. पाती समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर येत आणि येथील कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. मुठीच्या पोकळीत तापवलेली लाख किंवा राळ ओतून त्यात पात्याचे शेपूट बसवीत असत. ती थंड झाली, की पाते घट्ट धरून ठेवी. पुन्हा तापवली, की पाते मोकळे करता येई. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनमधील लिलावातून परत मिळवली, ती अशीच आहे. पाते युरोपीय बनावटीचे, सरळ आणि एकधारी. मूठ आपल्याकडची, सोन्याच्या नक्षीने मढवलेली. तेव्हा चांगले पाते पारखून घेणे आणि ते आपल्या मुठीला बसवणे, ही कला या भूमीत जुनीच आहे. फरक एवढाच, की तेव्हाचे पाते शत्रूसाठी निवडले जाई आणि आपण आपले पाते मित्रासाठी निवडतो.”

हे अखेरचे वाक्य ऐकून मुले सावरून बसली.

“आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न लांबीचा. पाती निरनिराळ्या क्रमांकांची मिळतात. पाच क्रमांकाचे पाते पूर्ण लांबीचे, म्हणजे 90 सेंटीमीटरचे असते. दोन क्रमांकाचे सुमारे 82.5 सेंटीमीटरचे आणि शून्य क्रमांकाचे त्याहूनही आखूड, सुमारे 77.5 सेंटीमीटरचे. लहान मुलाच्या हातात पूर्ण लांबीचे पाते दिले, तर काय होईल?”

“त्याला अधिक दूरवर पोचता येईल,” एकजण म्हणाला.

“पोचता येईल; पण टोक ताब्यात राहील का?” सरांनी एक लांब फॉइल लहानग्याच्या हाती दिले आणि भिंतीवर खडूने काढलेल्या वर्तुळाला टोक लावण्यास सांगितले. त्याने तीनदा प्रयत्न केला. मनगट थकले आणि टोक दर वेळी खाली घसरले. मग सरांनी आखूड पात्याचे फॉइल दिले. दुसऱ्याच प्रयत्नात टोक वर्तुळाच्या मध्यावर बसले.

“पाहिलेत? पाते हाताला शोभेल असे हवे. जे आपल्या ताब्यात राहत नाही, ते शस्त्र आपले नव्हे.”

“दुसरा प्रश्न लवचीकपणाचा. याचे उत्तर मी सांगणार नाही. तुम्हीच मोजून काढा.”

मुलांनी विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून 200 ग्रॅमचे वजन, मोजपट्टी आणि एक पकड आणली. सरांनी सांगितले त्याप्रमाणे एक फॉइल मेजाच्या कडेला आडवे धरून घट्ट आवळले. पकडीपासून टोकापर्यंतचे अंतर बरोबर 70 सेंटीमीटर ठेवले. मग टोकापासून 3 सेंटीमीटर अंतरावर वजन टांगले. पाते हळूच खाली झुकले. ते किती झुकले, हे मोजपट्टीने मोजण्यात आले.

“नियम असा आहे,” सर म्हणाले, “की या चाचणीत पाते निदान साडेपाच सेंटीमीटर झुकले पाहिजे, पण साडेनऊ सेंटीमीटरपेक्षा अधिक झुकता कामा नये. कमी झुकले, तर ते फार ताठ. असे पाते स्पर्श होताच वाकत नाही आणि सगळा धक्का समोरच्याच्या छातीत उतरतो. फार झुकले, तर ते फार मऊ. त्याचे टोक फटक्यासारखे हेलकावे खाते आणि नेम राहत नाही. या दोहोंच्या मध्ये कोठे राहायचे, हे खेळणाऱ्याने आपल्या हाताप्रमाणे ठरवावे. लहान मुलांनी आणि नवशिक्यांनी मऊपणाकडे झुकावे, हे बरे.”

मुलांनी एकामागून एक सातही फॉइले मोजली. सहा नियमात बसली. सातवे केवळ चार सेंटीमीटर झुकले. ते कर्णधाराचे आवडते फॉइल होते. कर्णधाराने काही न बोलता ते उचलून आपल्याजवळ घेतले.

“तिसरा प्रश्न सरळपणाचा,” सर पुढे म्हणाले. “पात्याला थोडासा बाक असला, तर चालतो, पण तो एक सेंटीमीटरपेक्षा कमी हवा, वरखालीच असावा आणि पात्याच्या मध्याजवळ असावा. बाजूला गेलेले पाते नको. बाक गोलसर असावा, कोनासारखा नसावा. एकाच जागी मुरडलेले पाते म्हणजे गुडघ्यात दुखावलेला माणूस. तो चालतो, पण केव्हा बसेल याचा नेम नाही.

“चौथा प्रश्न विजेचा. स्पर्धेत स्पर्श नोंदवण्यासाठी विजेचे यंत्र असते. त्यासाठी पात्याच्या लांब खोबणीत एक बारीक तार चिकटवलेली असते आणि टोकाशी स्प्रिंगची कळ असते. टोकावर 500 ग्रॅमचे वजन ठेवले, तर ते स्प्रिंगने उचलून धरले पाहिजे. म्हणजे हलक्या घासण्याने दिवा लागत नाही. खरा स्पर्श व्हावा लागतो. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये फॉइलच्या स्पर्धेत ही पद्धत वापरली गेली. केवळ सरावासाठी तारेवाचून साधे पातेही चालते. ते स्वस्त पडते आणि सांभाळायलाही सोपे असते.

“आता पाचवा प्रश्न, आणि तो सर्वांत मोठा. पाते मोडते का?”

सरांनी वहीतला एक कोरा कागद काढला आणि त्याची दोन टोके धरून दोन मुलांना ओढण्यास सांगितले. कागद ताणला गेला, पण सहज फाटेना. मग त्यांनी कागदाच्या कडेला कात्रीने एक बारीकशी चीर दिली. मुलांनी पुन्हा ओढताच कागद चर्रकन फाटला, तोही थेट त्या चिरेपासून.

“पोलादाचेही असेच आहे,” सर म्हणाले. “पाते वाकते आणि पुन्हा सरळ होते. आपल्याला वाटते, ते होते तसे झाले. परंतु हजारो वेळा वाकल्यावर पोलादाच्या आत, डोळ्यांना न दिसणारी एक भेग पडते. प्रत्येक वाकण्याबरोबर ती किंचित वाढते. याला धातूचा थकवा म्हणतात. आणि जेथे आधीच खाच पडली आहे किंवा गंजाने खड्डा खाल्ला आहे, तेथे ही भेग फार लवकर सुरू होते. आपल्या टेबललँडचा जांभा खडक तांबडा का दिसतो? त्यातील लोखंडाचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यामुळे. तीच तांबडी पूड आपल्या पात्यांवर बसते. आपल्या या धुक्याच्या गावात चार महिने पाते पुसल्यावाचून ठेवले, तर ते मोडायला प्रतिस्पर्ध्याची गरजच काय?”

मुले हसली. सर मात्र हसले नाहीत.

“एक खरी गोष्ट सांगतो. 1982 सालच्या जुलै महिन्यात रोम येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. सोव्हिएत संघाचा व्लादिमिर स्मिर्नोव आणि पश्चिम जर्मनीचा मातियास बेअर यांची फॉइलची लढत लागली होती. स्मिर्नोव साधा खेळाडू नव्हता. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले होते. दोघे एकाच क्षणी पुढे झेपावले. बेअरचे पाते मोडले आणि हातात उरलेला तुटका भाग स्मिर्नोवच्या मुखवट्याची जाळी भेदून आत गेला. काही दिवसांनी रुग्णालयात स्मिर्नोवचा मृत्यू झाला.”

व्यायामशाळेत शांतता पसरली. बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत असल्याचा आवाज तेवढा येत होता.

“बेअरचा काही गुन्हा होता का?” एकाने हळूच विचारले.

“नव्हता. त्याने एकही नियम मोडला नव्हता. तरीही त्या दिवसाचे ओझे त्याने पुढे अनेक वर्षे मनावर वागवले. त्या दुर्घटनेनंतर या खेळाने स्वतःकडे डोळे उघडून पाहिले. मुखवटे अधिक मजबूत झाले. अंगरख्यांसाठी सहजासहजी न भेदले जाणारे कापड आले. आज मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील अंगरख्याच्या कापडाला 800 न्यूटन आणि मुखवट्याच्या गळपट्टीला 1,600 न्यूटन जोर सोसावा लागतो. आणि पात्यांसाठी मॅरेजिंग पोलाद आवश्यक ठरले.”

“ते पोलाद कशाचे असते?”

“साध्या पोलादाला कठीणपणा येतो तो कार्बनमुळे. मॅरेजिंग पोलादात कार्बन अगदी नाममात्र असतो. त्याऐवजी त्यात सुमारे अठरा टक्के निकेल आणि त्याशिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम व टिटॅनियम हे धातू असतात. त्याला पाचशे अंश सेल्सियसच्या जवळपास काही तास तापवून ठेवतात, म्हणजे त्याला बळकटी येते. त्याचा मोठा गुण असा, की त्यातील भेग सावकाश वाढते. म्हणून असे पाते पुष्कळ अधिक काळ टिकते. पण येथे एक गैरसमज दूर करा. मॅरेजिंग पाते मोडले, तर त्याचे टोक बोथट राहते, असे काहीजण सांगतात. तसे नाही. ते मोडले, तर साध्या पात्याइतकेच घातक असते. ते मोडण्याचे प्रसंग कमी येतात, एवढेच खरे. म्हणून महाग पाते घेतले, तरी डोळे मिटून खेळायचे नाही.”

सर बोलायचे थांबले. तेव्हा कर्णधार उठला. त्याने आपले आवडते फॉइल सरांपुढे ठेवले.

“सर, हे केवळ ताठच नाही. याच्या मध्याजवळ एक खाच आहे. मला चार दिवसांपूर्वीच दिसली होती.”

सरांनी पात्यावरून सावकाश चिंधी फिरवली. एका जागी चिंधीचा धागा अडकला. तेथे नखाएवढी खाच होती आणि खाचेत तांबूस रेघ दिसत होती.

“मग सांगितले का नाहीस?”

“या फॉइलने मी गेल्या वर्षीच्या सगळ्या लढती जिंकल्या. सांगितले असते, तर ते माझ्याकडून काढून घेतले गेले असते.” कर्णधाराची मान खाली गेली. “आणि आज मी ते याच्यापुढे धरले होते.” त्याने सहावीतल्या त्या लहानग्याकडे बोट दाखवले. “याचे पाते मोडले, म्हणून आपण थांबलो. माझे मोडले असते तर?”

सर त्याला रागावले नाहीत. “जे आज सांगायला कठीण गेले, ते तू सांगितलेस,” ते म्हणाले. “हे पाते आता निवृत्त झाले.” त्यांनी नट सैल करून पाते काढले. मोडक्या पात्याचे दोन्ही तुकडे व हे पाते एका जाड कापडात गुंडाळून त्यांनी कपाटाला कुलूप लावले. “हे केराच्या टोपलीत टाकायचे नाही. केर उचलणाऱ्यालाही हात असतात. भंगारवाल्याला मी स्वतः सांगून देईन. आता सांगा, तीन पाती कोणती घ्यायची?”

या वेळी उत्तर द्यायला बराच वेळ लागला. मुले आपसांत बोलली, त्यांनी वहीत आकडे मांडले. शेवटी कर्णधाराने निर्णय वाचून दाखवला :

“दोन पाती पाच क्रमांकाची, मॅरेजिंग पोलादाची, तार बसवलेली. ती स्पर्धेसाठी. लवचीकपणा मध्यम. तिसरे पाते दोन क्रमांकाचे, मऊ, साधे. ते सहावीच्या मुलांसाठी. उरलेल्या सहा फॉइलांपैकी तीन गंजली आहेत. ती घासून, पुन्हा तपासूनच वापरायची.”

“हे तिसरे पाते सहावीला कसे काय?” सरांनी मुद्दाम विचारले. “स्पर्धा तर मोठ्या मुलांची आहे.”

“सर, सगळ्यात जुनी आणि गंजकी पाती आजवर सहावीच्या वाट्याला येत होती. त्यांचेही अंगरखे आमच्यासारखेच आहेत,” कर्णधार म्हणाला.

सरांनी समाधानाने मान डोलावली. “नवी पाती आली, की ती घेताना काय पाहायचे, तेही लिहून घ्या. बनवणाऱ्याची खूण आणि मान्यतेचा शिक्का पात्याच्या मुठीकडील जाड भागावर आहे का? नजरेच्या रेषेत धरल्यावर ते बाजूला गेलेले दिसते का? वाकवल्यावर बाक एकसारखा गोल येतो का? मुठीत बसणाऱ्या भागाचे आटे आपल्या मुठीच्या नटाशी जुळतात का? आणि विजेच्या पात्याचे टोक त्याच बनावटीचे आहे ना? या पाच गोष्टी पाहिल्यावाचून पाते घ्यायचे नाही.

“आणि घेतल्यावर? खेळून झाले, की घाम पुसायचा. तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, पण टोकाला व तारेला तेल लावायचे नाही. ओल्या अंगरख्यात पाते गुंडाळून पिशवीत ठेवायचे नाही. खरवड उठली, तर बारीक कानशीने घासायची. खोल खाच पडली, तर मला दाखवायची. लपवायची नाही.”

“सर,” लहानगा म्हणाला, “नवी पाती येईपर्यंत आम्ही काय करायचे?”

“बांबूच्या काठ्या घ्यायच्या!” सर म्हणाले. “हसू नका. चेन्नईची भवानीदेवी शाळेत असताना हा खेळ शिकू लागली, तेव्हा तलवारी महाग असल्यामुळे तिने सरावासाठी बांबूच्या काठ्या वापरल्या. पुढे तीच सेबर घेऊन टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरली. 2021 साली झालेल्या त्या स्पर्धेत ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी करणारी ती पहिली भारतीय ठरली आणि आपली पहिली लढत तिने 15–3 अशी जिंकली. हाताला वळण लागायला महागडे पाते लागत नाही. पण ज्या दिवशी पोलाद हाती येईल, त्या दिवशी ते पारखलेले असले पाहिजे.”

महिनाभराने टपालाने एक लांबट खोके आले. पाऊस संपला होता. टेबललँडवर ऊन पडले होते आणि खाली धोमचे पाणी चकाकत होते. मुलांनी खोके उघडले. तिन्ही पाती यादीप्रमाणे तपासली, मेजाला आवळून वजने टांगली आणि मगच मुठी बसवल्या.

त्या दिवसापासून त्या व्यायामशाळेत एक नवी रीत सुरू झाली. लढतीपूर्वी खेळाडू परस्परांना तलवारीने वंदन करतात, ही या खेळाची जुनी रीत आहे. येथील मुले त्याआधी आणखी एक गोष्ट करू लागली. प्रत्येकजण आपली तलवार मुठीकडून प्रतिस्पर्ध्याच्या हाती देई. प्रतिस्पर्धी पात्यावरून चिंधी फिरवी, ते वाकवून पाही आणि परत देई.

पहिल्या दिवशी कर्णधाराने आपले नवे फॉइल सहावीतल्या त्या लहानग्यापुढे धरले.

“दादा, तुमची तलवार मी काय तपासणार?” तो संकोचाने म्हणाला.

“तूच तपास,” कर्णधार म्हणाला. “मूठ माझ्या हातात असते, पण टोक तर तुझ्याकडे असते ना!”

लहानग्याने पात्यावरून चिंधी फिरवली. धागा कोठेही अडकला नाही. त्याने तलवार परत दिली. मग दोघांनी मुखवटे चढवले, वंदन केले आणि लढतीला आरंभ झाला.

स्वाध्याय

1. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फॉइलचे पाते जास्तीत जास्त किती लांब असू शकते?
(आ) ‘फिरंग’ या तलवारीला हे नाव कशावरून पडले?
(इ) पाते फार ताठ असल्यास कोणता धोका संभवतो?

2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सरांनी कागदाच्या प्रयोगातून कोणती गोष्ट पटवून दिली?
(आ) 1982 सालच्या दुर्घटनेनंतर खेळात कोणते बदल झाले?
(इ) मुलांनी तिसरे पाते सहावीसाठी मागवण्याचे का ठरवले?

3. कारणे द्या.
(अ) पाचगणीत पावसाळ्यात पाती विशेष जपावी लागतात.
(आ) मॅरेजिंग पाते घेतले, तरी ते वारंवार तपासावे लागते.
(इ) कर्णधाराने पात्यावरील खाच आधी सांगितली नाही.

4. ‘तेव्हाचे पाते शत्रूसाठी निवडले जाई आणि आपण आपले पाते मित्रासाठी निवडतो’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हमखास, निमुळता, संमती, पारखणे, निवृत्त होणे.

6. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एखादे हत्यार किंवा अवजार पाहा. विळी, कात्री, खुरपे, कुदळ यांपैकी कोणतेही चालेल. त्याची मूठ कशी बसवली आहे, पाते केव्हा बदलावे लागते आणि त्याची काळजी कशी घेतात, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.